पल्सर २२० आणि आपले मिस्त्री

बजाज ऑटोची 'पल्सर २२०' तरुणांना आवडते ती रूपामुळे आणि वेगामुळे. आम्ही मात्र तिच्याकडे गॅरेज चालवणाऱ्या बांधवांच्या नजरेने पाहणार आहोत, कारण ह्या एकाच गाडीत त्यांच्या धंद्याचा बदलता काळ दिसतो.

तिच्या दिव्याभोवतीचे अर्धे आवरण, म्हणजे हाफ फेअरिंग, नुसते शोभेचे नाही. हमरस्त्यावर अंगावर येणारा वारा त्याने बराच अडतो. खाली इंजिन उघडे राहते, त्याला हवा लागते आणि कामासाठी सगळे आवरण उतरवावे लागत नाही. २२० सी.सी.चे इंजिन, एका सिलिंडरला दोन प्लग, ऑइल कूलर आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, असा हा सरंजाम आहे.

२००७ साली ही गाडी आली ती फ्युएल इंजेक्शन घेऊन. २००९ साली कंपनीने ते काढून कार्ब्युरेटर बसवला. किंमत उतरली, आणि ताकद कमी न होता २१ अश्वशक्तीपर्यंत गेली. गिऱ्हाईक खूष झाले. मिस्त्रीही खूष झाले, कारण जेट साफ करणे, स्क्रू फिरवून आवाजावरून मिश्रण जुळवणे हे त्यांच्या हातचे काम होते.

पण ती सवलत कायमची नव्हती. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे धुराचे नियम लागू झाले आणि ह्याच गाडीत इंजेक्शन परत आले. ताकद किंचित घटून २०.४ वर आली, वजन १६० किलोपर्यंत वाढले. आता पेट्रोल किती सोडायचे हे सेन्सरच्या खबरीवरून कॉम्प्युटर ठरवतो. तेथे पेचकस आणि कान पुरत नाहीत, बिघाड वाचण्यासाठी स्कॅनर लागतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, म्हणून काही मिस्त्री निश्चिंत आहेत. ही निश्चिंती महागात पडेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या गाड्या दरवर्षी कमीच होणार. एकट्याला स्कॅनर परवडत नसेल तर एका गल्लीतल्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीत घ्यावा. हाताखालच्या पोराला आय.टी.आय.त पाठवावे, आणि तो शिकून आला की उस्तादाने त्याच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये. हातातला हुन्नर मोलाचा आहेच. त्याला नव्या विद्येची जोड दिली तर गिऱ्हाईक शोरूमची वाट धरणार नाही.