टोपणनाव हीसुद्धा ट्रेकची तयारीच

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पाऊस ओसरला की आपल्या कर्जत-खालापूरच्या शाळांत सहलीची चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं पेठचा किल्ला, कुणी म्हणतं कोंडिवड्याहून राजमाची. मग यादी निघते : पाणी, टॉर्च, टोपी, गूळ-चणे, पकड असलेले बूट. यादी हवीच. पण वाटेत मुलं एकमेकांना काय हाक मारणार, हे त्या यादीत कधी नसतं.

किरकोळ वाटतं ना? पण बघा, कोंडाणे लेण्यांवरून राजमाचीचा चढ काही तासांचा आहे. पहिल्याच टप्प्यात मागे पडलेल्या मुलाचं नाव ‘गोगलगाय’ किंवा ‘जाड्या’ पडलं, की तो गप्प होतो. टाच सोलली, पाणी संपलं, चक्कर येतेय, काही सांगत नाही. पुन्हा हसतील ना! डोंगरात असं लपवलेलं दुखणं फार महाग पडतं.

मग टोपणनावंच नकोत का? तसं नाही. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल ही सुमारे ३५०० कि.मी.ची पायवाट आहे. ती चालणारे बरेच जण वाटेवर टोपणनावानेच ओळखले जातात. नाव बहुधा सोबती सुचवतात. आवडलं नाही तर नाकारता येतं. एमा गेटवूड यांचा १९५४ चा प्रयत्न फसला. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी ती वाट एकटीने पूर्ण केली. लोक त्यांना ‘ग्रँडमा गेटवूड’ म्हणजे गेटवूड आजी म्हणू लागले. त्या नावात वय आहे, पण हेटाळणी नाही.

आपल्याकडे तर पंढरीच्या वाटेवर सगळेच ‘माउली’. झपाझप चालणाराही माउली आणि पाय चेपत बसलेलाही माउली. नाव देणं वेगळं, नावं ठेवणं वेगळं.

म्हणून माझं मत असं, की निघण्याआधी एक तास यासाठी द्यावा. शरीरावरून, जातीवरून, चालीवरून नाव नको. ज्याचं नाव, त्याची पसंती हवी. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे, सरांच्या मागोमाग ठेवून ‘वाटाड्या’ म्हणावं आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालावं. हजेरी मात्र खऱ्या नावानेच घ्यावी. खिशातल्या चिठ्ठीवरही खरं नाव आणि पालकांचा नंबर असावा.

आणि पालकहो, घरात लाडाने मारलेली ‘ढोल्या’ ही हाक वर्गात पोचायला वेळ लागत नाही. ती आपल्या मुलाला आवडते का, एकदा विचारून तर बघा.