‘रक्तातच होतं’ म्हणे!

क्यूबाच्या बेनी मोरेबद्दल काहीही वाचा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ठरलेली टेप वाजते: त्याला नोटेशन वाचता यायचं नाही, कुठे शिकला नाही, संगीत रक्तातच होतं. कौतुक म्हणून लिहितात. मला हे कौतुक साफ नामंजूर आहे.

१९१९ साली लाहास गावात जन्म, अठरा भावंडांत थोरला. गावात गुलामांच्या वंशजांचं ‘कासिनो दे लोस कोंगोस’ नावाचं मंडळ होतं; ढोल तो तिथे शिकला. रक्तातून नाही, माणसांकडून. १९३६ मध्ये हवानाला येऊन डागाळलेली फळं-भाज्या विकल्या. सहा महिन्यांत परत. भावाबरोबर एक हंगाम ऊसतोड केली (ती काय असते हे मराठी वाचकाला सांगायला नको), तेव्हा कुठे पहिली धड गिटार आली. मग पुन्हा हवाना, बारमध्ये गायचं आणि टोपी फिरवायची. रेडिओवरच्या स्पर्धेत तोंड उघडताच घंटा वाजवून त्याला बाहेर काढलं. पुढे तीच स्पर्धा त्याने जिंकली. १९४५ मध्ये मातामोरोसच्या ताफ्याबरोबर मेक्सिको. तिथे ‘बार्तोलो’ हे गाढवाचं नाव, म्हणून बार्तोलोमेचा बेनी झाला. तिथेच पेरेझ प्रादोबरोबर मांबो रेकॉर्ड केले. स्वतःचा वाद्यवृंद, ‘बांदा हिगांते’, उभा राहिला १९५३ मध्ये.

१९३६ ते १९५३. सतरा वर्षं. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांना शिक्षण म्हणायचं आणि या सतरा वर्षांना रक्त?

नोटेशनचं म्हणाल, तर ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन यांनी काय वाजवायचं ते तो गाऊन दाखवायचा आणि हेनेरोसो हिमेनेससारखे वादक-अरेंजर ते कागदावर उतरवायचे. म्हणजे अख्खी रचना डोक्यात तयार असायची. ज्याने टाइप केलं त्यानेच सिस्टीम रचली, असं आमच्या धंद्यातसुद्धा कुणी मानत नाही. आणि ख्यालाची तालीम पिढ्यान्‌पिढ्या तोंडी घेणाऱ्यांच्या देशात बसून आपण त्याला ‘न शिकलेला’ म्हणायचं, ही तर कमाल झाली.

याच भाषेने त्याची दारूही रोमँटिक केली. कलंदर होता, उधळला, वगैरे. १९६३ मध्ये यकृताच्या सिरोसिसने तो गेला, वय ४३. त्यात कलंदरी कसली? आजार होता तो. कष्टांचं श्रेय रक्ताला दिलं की आजाराचं खापरही प्रतिभेवर फोडायला सोपं जातं.

प्लेलिस्टमध्ये तो लागला की आवाजामागचे ट्रॉम्बोन ऐका. त्याच्या ओळीसाठी ते जिथे थांबतात, ती जागा त्याने ठरवली होती.