शहापूर-मुरबाडचा गाळही हिशेबात धरा

समुद्राची पातळी वाढतेय म्हटलं की आमच्या शहापूर-मुरबाडकडची माणसं मान डोलावतात आणि कामाला लागतात. समुद्र मुंबईचा, काळजीही मुंबईची. वनरक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्यानं यात तोंड घालावं का? घालावं, कारण मला खैर ओळखता येतो.

खैर हे आमच्या जंगलातलं चोरांचं लाडकं झाड. साल काळपट, पापुद्रे सुटलेली. फांदीवर जोडीजोडीनं आकड्यासारखे काटे. बुंध्यावर कुऱ्हाड पडली की बाहेरच्या पांढुरक्या लाकडाआड गडद तांबडा गाभा दिसतो. तो उकळून कात काढतात, म्हणूनच रात्री-अपरात्री या लाकडाच्या गाड्या भरतात. खैर माळावर, डोंगरउतारावर वाढतो; खाऱ्या पाण्यात तो तग धरणार नाही. आणि 1878च्या सुमारास मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राच्या चिखलाखाली जे जंगल सापडलं, ते याच खैराचं होतं. ओहोटीच्या पाण्याच्याही खाली शेकडो बुंधे, त्यांतले कितीतरी मुळांवर उभेच. वाहून आलेलं लाकूड आडवं पडतं. मुळं रोवून उभं असलेलं झाड जागच्या जागी वाढलेलं असतं, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. पुढे जिथं जहाजं लागली, तिथं आमच्यासारखंच रान होतं.

सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं पाणी बर्फात अडकलं होतं आणि समुद्र आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होता. किनारा मुंबईच्या पश्चिमेला कितीतरी लांब. बर्फ वितळला, पाणी चढलं आणि नद्यांच्या दऱ्यांत शिरलं. उल्हासची खाडी ही अशीच बुडालेली दरी. माळशेजकडून येणारी काळू आणि तिला मिळणारी आमची भातसा कल्याणजवळ उल्हासला भेटतात, आणि भरतीही समुद्रापासून कल्याणपर्यंत चढून येते. म्हणून तर कल्याणला बंदर झालं. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाट उतरून मुरबाडच्या वाटेनं माल तिकडे गेला. 1657मध्ये शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली.

गंमत अशी की हाच किनारा काही ठिकाणी वर आलेलाही दिसतो. आजच्या भरतीच्या रेषेच्या वर शंखशिंपल्यांचा, वाळूचा घट्ट झालेला खडक मुंबईपासून खाली कोकणात जागोजागी सापडतो. हरिहरेश्वरला लाटांनी कोरलेले कडे आणि सपाट कातळ पाहायला तर पर्यटक गर्दी करतात. सोपाऱ्याचं बंदर गाळानं भरलं. तिथं एकेकाळी जहाज येत असे हे आज नालासोपाऱ्याच्या लोकलमधल्या माणसाला सांगूनही पटणार नाही. समुद्र वर-खाली होतो, जमीनही होते, आणि या दोघांच्या भांडणात तिसरा असतो गाळ.

माझं म्हणणं या तिसऱ्याबद्दल आहे. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटीमीटरनं वाढली आणि वेग वाढतोच आहे. चढत्या पाण्याबरोबर तिवरांची, खाजणांची जमीनही वर उचलली जाऊ शकते, पण तिला दर पावसाळ्यात गाळ मिळाला तर. उल्हासच्या खाडीत तो मोठ्या प्रमाणावर आमच्याच डोंगरांतून उतरतो. भातसा धरणानं पाण्याबरोबर गाळही अडवला, तिकडे बारवी धरणानंही. उरलेली रेती खाडीतून आधी डुबी मारून काढली, मग सक्शन पंप आले. आता वर्षानुवर्षं रखडलेल्या, काळू आणि शाई या नद्यांवरच्या धरणांची फाइल अधूनमधून पुन्हा उघडते. तेव्हा बोलणं होतं ते पाणी किती, बुडणारी गावं किती, जंगल किती यावर; गाळ किती, हे कुणी विचारत नाही.

सगळा गाळ चांगला असंही नाही. खैर तोडून उघड्या झालेल्या उताराची माती वाहून जाते, ती आमच्या शेताचा जीव घेऊन जाते; खाडीच्या भल्यासाठी डोंगर बोडके ठेवा असं कुणी वेडाच म्हणेल. पण पुरातून नदी आपसूक नेते ती रेती-माती धरणाच्या तळाशी कायमची निजवायची आणि खाली किनारा वाचवायला दगडी बंधारे बांधायचे, हा उलटा व्यवहार आहे. किनारा नियमनाचा कायदा खाडीत भरती पोचते तिथवरच बघतो. गाळ निघतो त्याच्या कितीतरी वर.

म्हणून काळू किंवा शाईच्या कामाला हात घालण्याआधी निदान काही पावसाळे टिटवाळा-खडवलीच्या पट्ट्यात या नद्या किती गाळ खाली नेतात ते मोजावं आणि तो आकडा प्रकल्पाच्या कागदात यावा. जनसुनावणी मुरबाडला होईल तशी कल्याण-भिवंडीच्या खाडीकाठीही व्हावी. तिथल्या कोळ्यांना आणि जुन्या डुबीवाल्यांना मुद्दाम बोलवा. खाडीचा तळ कुठं खोल गेला, काठ कुठं खचला, हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक आहे.