देसाईगंजचा खटला आणि वसुधा धागमवारांचे पत्र

वकिलाची कारकीर्द त्याने जिंकलेल्या खटल्यांवरून मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वसुधा धागमवार यांना ती फूटपट्टी लावणे चुकीचे ठरेल. त्यांचे सर्वांत परिणामकारक कायदेशीर काम म्हणजे त्यांनी कधीही न चालविलेल्या एका खटल्याविषयीचे पत्र होय.

स्थळ देसाईगंज, म्हणजेच वडसा. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये जन्मला. त्यापूर्वी मुलचेऱ्यापासून वडशापर्यंतचा सारा वनप्रदेश चंद्रपूर जिल्ह्यातच होता. 26 मार्च 1972 च्या रात्री एका अनाथ, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीला जबाबासाठी तेथील पोलीस ठाण्यात आणण्यात आले. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय 14 ते 16 वर्षे होते. जबाब संपल्यावर नातेवाइकांना बाहेर पाठवून तिला आत थांबविण्यात आले. कामावरील दोन शिपायांवर अत्याचाराचा आरोप झाला.

1974 मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. न्यायाधीशांनी मुलीलाच खोटारडी ठरविले. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे साधे सत्य त्या निकालात होते. एका शिपायाला 5 वर्षांची, तर दुसऱ्याला 1 वर्षाची शिक्षा झाली. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. तेव्हा प्रतिकार नव्हता, असा तर्क.

वर्षभराने, 16 सप्टेंबर 1979 रोजी, पुण्याच्या वसुधा धागमवार आणि दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातील खरे टोक ‘संमती’च्या व्याख्येइतकेच दुसऱ्या एका प्रश्नात आहे, आणि तो आज फारसा कोणी सांगत नाही. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या जागीच विचारपूस करावी, असे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 160 सांगत होते. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने, त्याच 1978 साली, या नियमाच्या भंगावर कडक ताशेरे ओढले होते. देसाईगंजच्या मजूर मुलीला रात्री ठाण्यात आणले गेले, त्यावर मात्र निकालपत्रात एक निषेधाचा शब्द नव्हता.

एका पत्राने कायदा बदलला, ही लोकप्रिय कथा अर्धवट आहे. न्यायालयाने आपला निकाल बदलला नाही. पत्राच्या प्रती हाती घेऊन 1980 मध्ये मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांतील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा संसद हलली. 1983 च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. पुरावा कायद्यात कलम 114-अ आले: कोठडीत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. पीडितेचे नाव छापणे कलम 228-अ नुसार गुन्हा ठरले. गंमत अशी (तिला गंमत म्हणवत नाही) की तोवर त्या मुलीचे नाव देशभर गाजून गेले होते.

धागमवार तेथे थांबल्या नाहीत. सातपुड्यातील अक्राणी-अक्कलकुवा परिसरातील आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. 1985 मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था उभारली. सरदार सरोवराच्या मध्य प्रदेशातील विस्थापितांना आपल्याच विस्थापनाविषयी काय माहीत आहे, हे संस्थेने गावोगाव जाऊन विचारले. असा प्रश्न ठाण्यातल्या त्या रात्रीचा अर्थ कळलेल्या व्यक्तीलाच सुचू शकतो. 2014 मध्ये धागमवारांचे निधन झाले.

देसाईगंजच्या दोन्ही शिपायांची मुक्तता कायम राहिली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आजही एका शिपायाच्या नावाने नोंदलेला आहे: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य.