नवे संच नंतर, आधी राखेचं बोला

प्रति,
महानिर्मितीचे व्यवस्थापन आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ



जुलै २०२२मध्ये महानिर्मितीच्या, नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा गावाजवळचा राख बंधारा फुटला. राखड शेतांत शिरली, नाल्यांतून कोलार नदीत गेली. ही कोलार पुढे कन्हानला मिळते आणि कन्हानचं पाणी नागपूर पितं. अतिवृष्टीकडे बोट दाखवून हा विषय मिटत नाही. जुलैत मुसळधार पाऊस होणार, हे धरूनच बंधारा बांधायचा असतो.

आपल्या देशातल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो मागे उरते. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत, शेजारचं खापरखेडा केंद्र १३४० मेगावॉटचं. धुराड्यांवर निदान चर्चा तरी होते. राख मात्र पाण्यात कालवून पाइपानं तलावात सोडली की तुमच्या लेखी काम संपतं. गावांचा त्रास तिथूनच सुरू होतो. पाणी निथळतं, वरचा थर सुकतो आणि एप्रिल-मेच्या वाऱ्यावर पिठासारखी बारीक राख उठते. वाळवणावर बसते, भाजीवर बसते. पालकाचं पान पुसलं तर बोट करडं होतं. तीच राख श्वासातून लेकरांच्या छातीत जाते. तिच्यात आर्सेनिक, शिसं, पारा यांचे अंश असतात आणि तलावाला अस्तर नसेल तर ते झिरपून विहिरींपर्यंत पोचू शकतात.

राखेच्या वापराची पहिली अधिसूचना केंद्रानं १९९९मध्ये काढली. सिमेंट, विटा, रस्त्यांचा भराव, या वाटा तेव्हापासून माहीत आहेत. डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं शंभर टक्के वापराचं बंधन घातलं. तरी राखेचे तलाव गावांच्या उशाला आहेतच. आणि मे २०२३मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली!

वीज आम्हालाही हवी. पण साठलेली राख उचलल्याशिवाय नव्या संचांचं नाव काढू नका. दर मे महिन्यात त्रयस्थ अभियंत्यांकडून प्रत्येक बंधारा तपासून घ्या. तो अहवाल आणि आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी, दोन्ही मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. प्रदूषण मंडळानं नोटीस बजावून थांबू नये. पुढं काय कारवाई झाली, तेही त्याच फलकावर यावं.

पहिला अहवाल येत्या पावसाळ्याआधी लागला पाहिजे.

आपला,
एक नागपूरकर वीजग्राहक