जिभेखालची गोळी



आज एक चूक कबूल करावयाची आहे. ती माझी स्वतःची आहे.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या चाळीतील एक मावशी सकाळी पाण्याच्या वेळेला दारात उभ्या राहिल्या. हातात घडी घातलेला कागद. त्यांचा मुलगा गर्द ओढता ओढता सुईवर गेला होता. वस्तीत काम करणाऱ्या एका बाईने त्यांना सरकारी केंद्राचा पत्ता लिहून दिला होता.

"दादा, तिथं रोज एक गोळी देतात म्हणे, फुकट. पोरगं सुई सोडंल. नेऊ का?"

मी बी.कॉम. झालेला, मंडळात चार शब्द बोलणारा माणूस. मी रुबाबात सांगितले, "मावशी, एका नशेतून काढून दुसऱ्या नशेत कशाला घालता? आपण त्याला पक्के सोडवू."

मंडळाने वर्गणी काढली. मुलाला एका खासगी केंद्रात तीन महिने ठेवले. अंगाने भरून परत आला. आम्ही हार घातला, पेढे वाटले. अकराव्या दिवशी तो संडासात मेलेला सापडला. सुई हातात तशीच. डॉक्टर म्हणाले, "त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, पण तीन महिन्यांत शरीराची सवय गेली होती. श्वास थांबला."

त्यानंतर मी चार ठिकाणी विचारले, वाचले. जे आधी करायचे ते नंतर केले.

गर्द अफूपासून बनते. सवय जडल्यावर ते मिळाले नाही की टर्की लागते. अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, डोळ्याला डोळा लागत नाही. मग माणूस मौजेसाठी नव्हे, टर्की चुकवण्यासाठी टोचून घेतो. एकच सुई चौघांत फिरते. त्या सुईतून एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी पसरतात, आणि एचआयव्ही पुढे बायकोपर्यंतही पोहोचतो.

केंद्रातील गोळीचे नाव ब्युप्रेनॉर्फिन. तीही अफूच्याच कुळातील आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण ती जिभेखाली सावकाश विरघळते. योग्य मात्रेत घेतली तर दिवसभर टर्की लागत नाही, झिंगही येत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. वरून गर्द घेतले तरी ते फारसे चढत नाही. टर्कीची लक्षणे सुरू झाल्यावरच डॉक्टर पहिली गोळी देतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून ती मनाने घ्यायची नाही. काही ठिकाणी मेथाडोन हे पातळ औषध देतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे २००७-०८ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, अशी केंद्रे चालवते.

"गोळी कधी सुटणार?" असे विचारतात. कोणाची काही महिन्यांत कमी होते, कोणाला वर्षानुवर्षे लागते. घरातील म्हाताऱ्यांची रक्तदाबाची गोळी कधी सुटणार, असे आपण विचारतो का? कोणी पंचशीलाकडे बोट दाखवील. पाचवे शील ज्या नशेने माणसाचे भान सुटते तिच्यापासून दूर राहण्यास सांगते. जी गोळी घेऊन माणूस भानावर राहतो, ते औषध आहे.

आता हिशेब मांडू, कारण मी कारकून माणूस. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ८.५ लाख लोक सुईने नशा करतात. त्या मानाने केंद्रे फारच थोडी. गोळी फुकट, पण केंद्र दोन बस बदलून दूर. ते उघडेपर्यंत नाक्यावरची मजुरी हातची जाते. रोज मजुरी बुडवून औषध कोण घेईल? पंजाब सरकारने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रे काढली, ती पुढे शेकडोंनी वाढली, तुरुंगांतही औषध पोहोचले. २०२० च्या टाळेबंदीत अनेक केंद्रांनी काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ दिल्या. म्हणजे मनात आणले तर होते.

पोलिसांच्या भीतीनेही कोणी दूर राहू नये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ६४-अ सांगते, की नशा केल्याबद्दल किंवा अल्प माल बाळगल्याबद्दल पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावर खटला चालत नाही. माहितीसाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि एड्सची १०९७ या सरकारी हेल्पलाइन आहेत.

मागच्या महिन्यात आमच्या भागात असे केंद्र येणार, अशी बातमी आली. लगेच विरोधाचे निवेदन फिरू लागले. 'गर्दुल्ले गोळा होतील, वस्ती बदनाम होईल.' गर्दुल्ले आपल्याच घरांतील आहेत, ते बाहेरून कुठून येणार? मी सही केली नाही. निवेदन घेऊन मुले मावशींच्या दारात गेली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी मला बोलावून कागद वाचून घेतला आणि मुलांना परत दिला. मग म्हणाल्या, "दादा, आपण दुसरा कागद लिहू. त्यात लिहा, केंद्र सकाळी सहाला उघडा. पोरांना कामावर जायचं असतं."

तो कागद मी लिहिला आहे. पहिला अंगठा मावशींचा आहे, खाली सही माझी. तुमच्या वस्तीत असा कागद निघाला तर मागे राहू नका, आणि एखादी आई पत्ता घेऊन दारात आली तर माझ्यासारखे उत्तर देऊ नका. तिच्यासोबत केंद्रापर्यंत जा.