'करी' आणि कोरड्यास

इंग्रजीतल्या 'करी' या शब्दाविषयी आमच्या व्यवसायबंधूंत दोन पंथ आहेत. दोहोंशी आमचे भांडण आहे.

पहिला पंथ स्वाभिमान्यांचा. 'करी' हे साहेबाच्या अज्ञानाचे अपत्य, हिंदुस्थानात असा शब्दच नव्हता, असे ही मंडळी व्याख्यानातून ठणकावून सांगतात. हे खरे नाही. तमिळमध्ये 'कऱि' आहे. भातासोबतच्या भाजीला वा मांसाला तो शब्द आजही चालतो. पोर्तुगीजांनी त्याचे 'कारिल' केले. लिन्शोतेन हा डच प्रवासी १५८०च्या दशकात गोव्यात राहिला. त्याच्या प्रवासवर्णनाच्या १५९८च्या इंग्रजी भाषांतरात हा पदार्थ येतो: माशांचा किंचित आंबट रस, भातावर ओतून रोज खाल्ला जाणारा. गोवेकर वाचकाला ही आपली शीत-कडी ओळखायला पळभरही लागू नये. म्हणजे हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा एका खऱ्या पानावरचा खरा पदार्थ दाखवत होता. (याउलट, चौदाव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतिसंग्रहाच्या नावात 'क्युरी' आहे, सबब हा शब्द अस्सल इंग्रजीच, असेही कोणी सांगतात. ती 'क्युरी' फ्रेंचमधून आलेली, तिचा अर्थ केवळ स्वयंपाक. आणि 'करी फेवर' मधली 'करी' घोड्याच्या खराऱ्यातली. परीक्षेत तिचे भाषांतर 'रस्सा' असे वाचल्याचे आम्हांस स्मरते. असो.)

पुढे शब्दाने आपला संसार थाटला. १७४७ साली हॅना ग्लास या बाईंनी पाकशास्त्राच्या पुस्तकात 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' दिली. तीत कोंबडी किंवा ससा, मोजून तीस मिरे, आणि स्वच्छ फावड्यावर भाजलेले धने. फावड्यावर! आम्हांला यात हसू येते, पण राग येत नाही. आज ब्रिटनमध्ये 'करी खायला जाऊ' म्हणतात तेव्हा एखादी वाटी अभिप्रेत नसते. मित्रांसह बाहेर जाऊन केलेले अख्खे जेवण अभिप्रेत असते, आणि ते वाढणारे उपाहारगृह बहुधा सिल्हेटहून गेलेल्या बंगाल्याचे असते. हा इंग्रजी शब्दाचा इंग्रजी अर्थ आहे. तो त्यांचा त्यांना लखलाभ असो, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तो तसाच शिकावा.

आमचे खरे भांडण दुसऱ्या पंथाशी, म्हणजे आमच्याशीच. या पंथाने तो शब्द मराठीत परत आणला आणि घरातली सगळी भांडी त्याच्यात रिकामी केली. आमटी, सार, कढण, हुमण, तिखले, रस्सा: भाषांतराच्या वर्गात साऱ्यांना एकच मोहोर. कढीपत्त्यालाही लोक आता 'करीपत्ता' म्हणू लागले आहेत.

यात हरपते काय? 'कटाची आमटी' घ्या. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचे निथळलेले पाणी म्हणजे कट. कथेत कोणी कटाची आमटी ओरपत असेल, तर त्या घरी पुरण शिजले आहे, सण आहे, हे लेखकाला निराळे सांगावे लागत नाही. तिथे 'लेंटिल करी' लिहिणाऱ्याने पदार्थ कदाचित पोचवला, पण सण मारला.

आणि 'कोरड्यास'. आमच्या शहरी विद्यार्थ्यांना हा शब्द ठाऊक नसतो, यात त्यांचा दोष नाही. कोरड्या भाकरीस लावून खायचे ते कोरड्यास. मग ते कालवण असो, पिठले असो, नाहीतर नुसते मीठ-मिरचीचे पाणी. शब्दातच भाकरीचा कोरडेपणा आहे. ज्या घरात 'कोरड्यास काय आहे?' असे विचारतात, तिथे भाकरी गृहीत आणि बाकी सारे दैवाधीन असते. ग्रामीण नि दलित आत्मकथनांचे भाषांतर करताना तिथे 'करी' घालणे म्हणजे उपाशी माणसापुढे उपाहारगृहाचे मेनूकार्ड ठेवणे. 'तळटीप नको, वाचनाचा ओघ तुटतो' असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: ओघ कोणाचा, आणि तुटते कोणाचे?

मागे एका विद्यार्थिनीने भाषांतराच्या उत्तरपत्रिकेत हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवला आणि शेजारी कंसात इंग्रजीत 'जर काही असेल तर' असे लिहिले. नमुना उत्तरात 'करी' होते. नियमाप्रमाणे आम्ही तिचा अर्धा गुण कापला.